काळी पडणारी पावली

चांदी कशानं काळी पडते असं आजकालच्या पोरींना विचारलं तर त्या म्हणतात, हवेनं. असेल बाई. पण आमच्या घरातली एक पावली हवेनं काळी पडली नव्हती. ती कशानं काळी पडली हे मला कळलं आणि तिथून पुढं माझी झोप उडाली, जेवण गोड लागेना, कुत्रं भुंकलं तरी काळजात धस्स व्हायचं.

निजामाचं राज्य होतं, आणि ते आता राहतं का जातं असा काळ आला होता. आमचं गाव अणदूरच्या पलीकडं, हद्दीला लागून. तिकडं सोलापूरच्या बाजूला इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा, इकडं आमचा निजामाचा हाली. हद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांनी छावण्या टाकल्या होत्या. त्यांना भाकरी दिली एवढ्या संशयावरून निजामाचे शिपाई माणसं उचलून नेत होते, आणि नेलेली सगळीच परत येत नव्हती.

घरात आम्ही तिघंच. माझे मालक, त्यांची आई आणि मी. सासूबाईंचं माहेर कानडी मुलखातलं, म्हणून मालक त्यांना अव्वा म्हणत आणि मीही अव्वाच म्हणायची. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारले होते. घराणं लिंगायताचं. मालकांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं, आंघोळ झाल्यावर त्याची पूजा केल्याबिगर ते पाण्याचा घोट घेत नसत. अव्वा तर इतक्या कडक की कुणी नुसतं दारूचं नाव काढलं तरी उठून चूळ भरायच्या. त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायची छाती मला झाली नाही, आणि मी काही गरीब गाय नव्हते.

मालक तुरीच्या सौद्याला म्हणून हद्दीपलीकडं जायचे. गेले की चार-सहा दिवस यायचे नाहीत. आले की बंडी काढून टाकायचे आणि मी ती धुवायला ओढ्यावर न्यायची. एकदा धुण्याआधी खिसा चाचपला तर दोन-तीन भोकाचे पैसे निघाले आणि एक पावली. पावली म्हणजे चार आणे, चांदीची, वर चारमिनार असलेली. मीच चार दिवसांपूर्वी त्यांना दिलेली, कोरी करकरीत. आता ती काळी ठिक्कर होती. मळकी नव्हे बरं का. मळ बोटाला लागतो, हा लागत नव्हता. उन्हात धरली तर कडेनं पारव्याच्या मानेसारखी निळी-जांभळी झाक मारत होती. बाजूचे तांब्याचे पैसे मात्र होते तसेच.

मला वाटलं, कुठं शेणात बिणात पडली असेल. राख आणि चिंच घेऊन घासली तर पुन्हा पांढरी झाली. मी ती परत मालकांच्या खिशात ठेवली आणि विसरले. पुढच्या फेरीहून ते आले, खिशात हात घातला, तर पावली पुन्हा काळी. तेव्हा मात्र मी अव्वांना दाखवली.

अव्वांनी ती हातात घेतली मात्र, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचं म्हणणं पडलं की चांदी माणसाच्या अंगातलं इख ओढून घेते. पोराच्या अंगात काहीतरी भिनलंय, कुणीतरी खायला घातलंय. मग काय, दृष्ट काढून झाली, मिरच्यांचा खकाणा झाला. रोज सकाळी कडुनिंबाचा रस वाटीभर. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवणारा माणूस, तो कडू रस मुकाट्यानं प्यायला लागला. अव्वांना त्यात बरं वाटलं. मला नाही वाटलं. आपला माणूस विनातक्रार ऐकायला लागला की बाईनं भ्यायचं असतं.

त्यात माझी जोडवी काळी पडली.

मी धुणं पायानं तुडवायची. मालकांचे कपडे जरा जास्तच तुडवायची, कारण त्यांना अलीकडं एक पिवळसर पीठ लागलेलं असायचं, ते निघता निघत नव्हतं. एके दिवशी पाय दगडावर ठेवून बघते तर दोन्ही पायांतली जोडवी पावलीसारखीच काळी-निळी. सवाष्णीच्या पायातली जोडवी. मी तिथंच पाण्यात बसले. घरी येऊन लुगड्याखाली पाय लपवत राहिले, पण अव्वांच्या नजरेतून काय सुटणार? त्यांनी पाहिलं आणि तडक देवापुढं जाऊन बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

अणदूरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सासू-सुना सोनाराकडं गेलो. मालक घरी नव्हते. सोनार अव्वांच्या ओळखीचा, वयानं झुकलेला. अव्वांनी पावली त्याच्यापुढं ठेवली आणि विचारलं की माणसाच्या अंगात काय असलं म्हणजे चांदी अशी होते. त्यानं पावली उलटीपालटी केली, नाकाशी नेली. मग माझ्या पायाकडं बघितलं. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत तो उगाच निखारा फुंकत बसला. गिऱ्हाईक गेल्यावर पावली अव्वांच्या हातात परत देत हळू आवाजात म्हणाला, "आई, ही दारूच्या संगतीत ऱ्हायलीया. पोराला सांभाळा."

अव्वा उठल्या. आम्ही घरच्या वाटेला लागलो. ओढा आला तेव्हा एका दगडावर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. त्यांच्या घराण्यात, त्यांच्या पोटी, गळ्यात लिंग बांधलेला मुलगा दारू पितो. विषाची भीती होती तेव्हा त्या रडल्या नव्हत्या.

मलाही आधी तेच वाटलं, आणि राग आला. माझ्या हातची तूप-भाकरी खाऊन हा बाबा पलीकडं जाऊन ढोसतो काय! मी अव्वांच्या मागं उभी राहून पावली नाकाशी धरली. दारूचा वास गावात कुणाच्या अंगाला येतो हे मला ठाऊक होतं. हा तो नव्हता. आगकाडी ओढल्यावर येतो तसा काहीतरी होता. तो वास मी लहानपणी घेतला होता, आणि कुठं ते आता मला आठवलं.

माझं माहेर माकणीकडचं. तिथं आमच्या गल्लीत एक घर होतं, जत्रेसाठी शोभेची दारू करणाऱ्यांचं. बाण, भुईनळे, चक्रं. त्या घरच्या काकूंची जोडवी, वाळे, कमरेची साखळी, सगळी चांदी कायम काळी. मी एकदा त्यांना विचारलं होतं, काकू, तुम्ही घासत का नाही? त्या हसल्या होत्या. म्हणाल्या, घासून काय करू गं, गंधक बसू देत न्हाय. आमचं हे दारूचं घर, इथं चांदी पांढरी ऱ्हात न्हाय.

सोनारानं ही बाणातली दारू म्हटली होती. अव्वांनी बाटलीतली ऐकली.

मी मनाला समजावून पाहिलं. जवारीच्या कणसावर काणीचा रोग पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळतात, आमच्याकडंही चोळत. पण पेरणी केव्हाच होऊन हुरड्याचे दिवस आले होते. आता कोण बियाण्याला गंधक चोळतंय? आणि जत्राही जवळ नव्हती. मग हद्दीपलीकडं गंधक, सोरा, कोळसा कुटून माझा माणूस काय करत होता, ते न कळायला मी काही दूधपिती नव्हते. ओढ्याच्या काठी उभं राहून मी महादेवाला विनवलं, देवा, सोनाराच्या बोलण्यातून अव्वांना जे समजलं तेच खरं कर, माझा मालक दारुडा निघू दे. असं मागणं मागणारी बाई त्यानं दुसरी बघितली नसेल.

मालक आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मी त्यांना विहिरीवर गाठलं. म्हटलं, आम्ही पावली सोनाराला दाखवून आलो, आणि तुमच्या बंडीला गंधकाचा वास येतो. त्यांनी आधी इकडं तिकडं पाहिलं. मग विचारलं, "अव्वाला काय सांगितलं सोनारानं?"

"दारू," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, आणि लगेच गेलं. पोहरा त्यांनी विहिरीच्या कडेला ठेवला. "मग तेच राहू दे," ते म्हणाले. "तिला खरं कळलं तर ती भिईल, आणि भ्यालेल्या माणसाचं तोंड बघूनच निजामाच्या माणसांना समजतं."

माझ्या तोंडाचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. मी पण लई बोलले त्या दिवशी. रडले, भांडले, माहेरी जाते म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी पुन्हा गेले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. अव्वांनी शेजारीपाजारी जाणं सोडलं. बायका विचारायच्या, तब्येत बरी न्हाय का? अव्वा मान खाली घालायच्या. त्यांना एकच भीती, गावाला कळेल. मला दुसरीच. वेशीवर घोडं दिसलं की माझे हात पिठात थांबायचे. एकाच चुलीपुढं आम्ही दोघी भीत बसायचो, आणि दोघींची भीती एकमेकींना सांगता येत नव्हती.

अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, आला तो सकाळी उन्हं वर आल्यावर. बरोबर दोन शिपाई. कुणीतरी चुगली केली होती की आमच्या घरचा माणूस सारखा हद्द ओलांडतो. मालक नव्हते, ते एक बरं. शिपायांनी कणगी उकरली, गाडगी फोडली, अंथरुणं अंगणात फेकली. मी खांबाला धरून उभी.  घरात दारूचा कण नव्हता, पण देवळीत ती पावली होती. मालकांच्या खिशातून काढून ठेवलेली, घासायची राहून गेलेली. एका शिपायानं ती उचलली आणि अमिनाच्या तळहातावर ठेवली.

अमिनानं ती उजेडात धरली. नखानं खरवडून पाहिली. मग आमच्याकडं वळून विचारलं, "ये काली कायकू पडी?"

 माझ्याआधी अव्वा पुढं झाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतके दिवस ज्या शब्दाला त्या चूळ भरायच्या तो त्यांनी परक्या माणसापुढं, उंबऱ्यात उभं राहून, मोठ्यानं उच्चारला.

"दारूनं, साहेब. पोराच्या दारूनं काळी झाली."

 खरं तेच सांगितलं होतं त्यांनी, शब्दन् शब्द. पण अमीन पडला उर्दू बोलणारा. त्याच्या बोलीत उडवायच्या दारूला बारूद म्हणतात. दारू म्हटल्यावर त्याला बाटलीच दिसली. तरी त्याची खात्री होईना, त्यानं शिपायाकडं पाहिलं. तो शिपाई मराठी होता, आमच्याच भागातला, बोलण्यावरून कळत होतं. त्यानं पावलीकडं पाहिलं. मग त्याची नजर खाली माझ्या पायावर आली. मी लुगड्याचा काठ ओढला, पण उशीर झाला होता. जोडवी त्यानं पाहिली. किती वेळ पाहत होता कुणास ठाऊक. मला वाटलं, संपलं.

"शराबी है हुजूर, इसका बेटा," तो म्हणाला.

अमीन हसला. म्हातारीचं रडणं खरं होतं, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. त्यानं पावली अंगणात भिरकावली आणि जाता जाता अव्वांना म्हणाला, "माई, पहले उसकी दारू छुडाओ." घोडी वेशीबाहेर गेल्याचा आवाज आला तेव्हा मी लुगड्याचा काठ सोडला. त्या शिपायाला कळलं होतं का नव्हतं, हे मी आजवर स्वतःला विचारते. पुन्हा कधी तो दिसला नाही.

त्यानंतर महिनाभरात मालक आले ते कडब्याच्या गाडीत, पेंढ्यांखाली निजून. उजव्या हाताला धोतर फाडून गुंडाळलेलं, रक्तानं कडक झालेलं. गाडीवान ओळखीचाच होता, त्यानं त्यांना आत आणून टाकलं आणि गावात सांगायला म्हणून कडबा तोडताना हात सापडल्याची थाप ठरवून दिली. अव्वांनी कोमट पाण्यानं फडकं सोडवलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. तळहाताची कातडी भाजून गेलेली.

अव्वांनी आरडाओरडा केला नाही. हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "दारूनं बोटं खाल्ली रे तुझी."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "व्हय अव्वा. दारूनंच."

तेव्हा अव्वांनी त्यांच्या गळ्यातली डबी उघडली. ती डबीसुद्धा काळी पडली होती. आतलं लिंग काढून त्यांच्या चांगल्या हातावर ठेवलं आणि वरून आपला हात झाकला. आण घे म्हणाल्या. दारूला पुन्हा शिवणार न्हाय म्हण.   इतर कशावर हात ठेवून मालकांनी दहा आणा घेतल्या असत्या आणि मोडल्या असत्या, पण हातात लिंग असताना तोंडातून गेलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. अव्वांच्या मनात कुठली दारू होती, याला तिथं काही मोल नव्हतं. अव्वांनी पुन्हा म्हटलं. शेवटी त्यांनी आण घेतली.

हाताची जखम भरून आल्यावर मालक मला म्हणाले, अव्वाला तू खरं सांग. ती आण परत घेईल आणि मी मोकळा होईन, तिकडं दोघंच काम करतायत. मी विचारलं, खरं कळल्यावर ती आण परत घेईल, असं वाटतं तुम्हाला?  तुम्हाला सांगायचं तर सांगा, मी म्हटलं, माझ्या तोंडून निघायचं न्हाय. त्यांनीही सांगितलं नाही. रागानं दोन दिवस जेवले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. उपाशी का होईना, डोळ्यांपुढं होते.

अव्वांनी ती पावली अंगणातून शोधून आणली होती. घासून पांढरी केली आणि मालकांच्या खिशात ठेवली. दर सोमवारी पूजा झाली की त्या ती मागून घ्यायच्या आणि दारात जाऊन उन्हात बघायच्या. पांढरी दिसली की दिवसभर खुशीत. हळूहळू त्या शेजारी जायला लागल्या. मला लाडानं हाक मारायला लागल्या. माझी जोडवी मी घासली, तीही पांढरी राहिली. राज्य अजून निजामाचंच होतं, घोडी अजून फिरत होती, तरी मला थोडी झोप लागायला लागली होती.

अशाच एका सोमवारी तो गाडीवान आला. मालक ओसरीवर बसले होते, मी आत दाराआड. तो पाणी प्यायला आणि अगदी हळू बोलला. हद्दीपलीकडच्या शेतातली कोपी, म्हणजे दारू कुटायची झोपडी, उडाली होती. आत दोघं होते, दोघंही गेले. ज्यांच्याबरोबर माझे मालक कुटायला बसायचे तेच ते दोघं. एकाचं लग्न माझ्या मागून झालं होतं, मालकांच्या तोंडून मी ऐकलं होतं. तिसऱ्या माणसाची जागा रिकामी असल्यानं घाई होत होती, असं गाडीवान म्हणाला. दोष देऊन नाही म्हणाला. नुसतं सांगितलं आणि बैल हाकत निघून गेला.

तेवढ्यात अव्वा पूजा आटोपून कपाळाला विभूती लावून बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुढं केला. मालकांनी उरलेल्या तीन बोटांनी खिशातून पावली काढून दिली. अव्वांनी ती उन्हात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. त्यांचं तोंड आनंदानं फुललं.

"बघ रे बाळा, कशी पांढरी स्वच्छ हाय."

"व्हय अव्वा," मालक म्हणाले. "पांढरी हाय."

ते उठले आणि गोठ्याकडं गेले. मी मागं गेले नाही. त्यांचं रडणं ऐकू येत होतं. दोन घरांत त्या दिवशी बायकांच्या पायातली जोडवी उतरवली असतील. मी दाराआड उभी राहून खाली पाहिलं. माझी पायातच होती, आणि पांढरी होती.